‘चावी घ्यायलाच या’ : लांब राहून गावाकडे घर बांधून घेताना नेमकं काय होतं?

स्लॅबच्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे मिक्सरचा आवाज, हलणारा कॅमेरा, सळयांच्या जाळीवरून चालणारे चार-पाच कामगार. "साहेब, काम एकदम ओके आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका." पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये किंवा मस्कतमधल्या खोलीवर बसलेला मालक स्क्रीनवर दिसतं तेवढं बघतो आणि म्हणतो, "ठीक आहे, करा सुरू." तासा-दोन तासांत त्या सळया काँक्रीटखाली जातात. त्यानंतर त्या कोणालाच दिसत नाहीत. दिसल्याच, तर काही वर्षांनी छताचं प्लास्टर सुटल्यावर.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कुठलाही जिल्हा घ्या. नोकरी शहरात किंवा परदेशात, जागा गावाकडे आणि घर बांधायला सुट्टी नाही, अशी माणसं सगळीकडे आहेत. त्यांच्यासाठी बाजारात एक आकर्षक शब्द आहे : टर्नकी. नकाशापासून रंगापर्यंत सगळं एकाच माणसाने किंवा कंपनीने करायचं, मालकाने फक्त दाराला चावी लावायची. हा शब्द मुळात कारखाने आणि रिफायनऱ्यांच्या कंत्राटांमधला. तिथे मालकाच्या बाजूने इंजिनिअरांची फौज प्रत्येक टप्पा तपासत असते. घराच्या कामात शब्द आला, ती फौज मात्र मागेच राहिली.

मालक तिथे नसताना चांगली घरं बांधून झालेली आहेत, त्यामुळे "हे जमतच नाही" असं म्हणण्यात अर्थ नाही. पण मालक कामावरून बाजूला होऊ शकतो म्हणजे त्याची नजरही बाजूला होऊ शकते, असं नाही. काही ठरावीक दिवशी, काही ठरावीक गोष्टी, कंत्राटदाराकडून पैसे न घेणाऱ्या माणसाने बघाव्याच लागतात. ते दिवस कोणते, हे आधी कळलं तर बाकीचे महिने खरंच निवांत जाऊ शकतात.

लेबर रेट, विथ मटेरियल आणि टर्नकी

गावाकडे घराचं काम साधारण तीन पद्धतींनी दिलं जातं. पहिली लेबर रेटची. सिमेंट, सळई, वाळू, विटा मालकाने आणायच्या, मिस्त्रीने मजुरीचा चौरस फुटाला दर घ्यायचा. दुसरी विथ मटेरियल. यात बांधकामाचं सामान कंत्राटदाराचं, पण फरशी, नळ, दिवे, खिडक्या यातलं काहीतरी मालकाकडे राहतं. तिसरी टर्नकी. यात नकाशा, परवानगी, बांधकाम, फिनिशिंग आणि कधी कधी किचनची ट्रॉली आणि कपाटंही धरलेली असतात.

प्रत्यक्षात या तिघांमधली रेघ पुसट असते. अनेक ‘टर्नकी’ करारांत शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते : "पाणी आणि लाईट मालकाकडे." वाचताना ती किरकोळ वाटते. पण ज्या गावात एप्रिल-मे महिन्यात टँकर लागतो, तिथे ही ओळ चांगलीच महाग पडते. पैशांपलीकडेही तिचा एक परिणाम होतो, तो पुढे स्लॅबच्या वेळी कळतो.

करातही फरक आहे. स्वतःच्या जागेवर स्वतंत्र घर बांधताना नुसत्या मजुरीच्या कंत्राटावर जीएसटी लागत नाही. सामानासकट काम दिलं आणि कंत्राटदार जीएसटी नोंदणीकृत असेल, तर पूर्ण बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. सिमेंट आणि सळईवर त्याने भरलेल्या कराची वजावट त्याला मिळते, त्यामुळे खरा जादा बोजा मुख्यतः मजुरी आणि नफ्याच्या भागावर पडतो. दर सांगताना तो करासकट आहे की कराशिवाय, हे मात्र लिहून घ्यावं लागतं. २५ लाखांच्या कामात १८ टक्के म्हणजे साडेचार लाख रुपये. "जीएसटी वेगळा" हे तीन महिन्यांनी कळणं परवडणारं नाही. एकाच कंत्राटदाराला एका आर्थिक वर्षात ५० लाखांपेक्षा जास्त रक्कम दिली, तर घर स्वतःच्या राहण्यासाठी असलं तरी मालकाने २ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. त्यासाठी वेगळा टॅन नंबर लागत नाही, पॅनवर काम होतं.

चौरस फूट नक्की कुठला?

भांडणं इथून सुरू होतात. "दोन हजार रुपये फूट" असं तोंडी ठरतं. फूट कशाचा, हे कोणी विचारत नाही.

एक उदाहरण मांडू. मालकाच्या डोक्यात साडेबाराशे चौरस फुटांचं एकमजली घर आहे. २००० रुपयांनी २५ लाख. कंत्राटदार बिल करतो स्लॅबच्या मापाने. त्यात पुढचं पोर्च १५० फूट, जिन्यावरची खोली ८० फूट आणि मागची पडवी ७० फूट धरली जाते. एकूण साडेपंधराशे फूट, म्हणजे ३१ लाख. कोणीच खोटं बोललेलं नाही. दोघांच्या डोक्यातला फूट वेगळा होता आणि त्या फरकाची किंमत ६ लाख रुपये झाली.

आणि या फुटात जे धरलेलंच नसतं, त्याची यादी आणखी मोठी. कंपाउंडची भिंत, गेट, सेप्टिक टँक, जमिनीखालची पाण्याची टाकी, बोअर, अंगणातली फरशी, पायाखाली मुरूम किंवा काळी माती लागली तर जादा खोदाई आणि भराव. काळ्या मातीच्या पट्ट्यात तर पायाचा खर्च माती बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. तरीही दर मात्र फोनवर ठरतो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. चौरस फुटाचा दर बाजूला ठेवून कामाची आयटमवार यादी करून घ्यायची, प्रत्येक आयटमचं माप आणि दर लिहायचा. कंत्राटदार नाराज होतात, कारण यादी केली की ‘एक्स्ट्रा’ नावाचा रकाना आटतो. यादीत ‘ब्रँडेड सिमेंट’, ‘चांगल्या क्वालिटीची टाईल’ असे शब्द असतील तर ती असून नसल्यासारखीच, कारण एकच कंपनी चार दर्जांचा माल विकते. सळई असेल तर एफई ५०० की एफई ५०० डी, वायर असेल तर किती स्क्वेअर एमएमची, टाईल असेल तर ‘बेसिक रेट’ फुटाला किती रुपये, विजेचे पॉइंट प्रत्येक खोलीत किती, हे सगळं लिहिलेलं हवं. टाईलचा बेसिक रेट ४५ रुपये धरलेला असेल आणि मालकाला ८० ची टाईल आवडली, तर वरचे ३५ रुपये मालकाचे. हा नियम दोघांना आधीच माहीत असेल तर त्यात फसवणूक काहीच नाही.

दरवाढीचंही तसंच. साडेबाराशे फुटांच्या घराला ढोबळ हिशेबाने पाच टन सळई लागते. किलोमागे १० रुपये वाढले की ५० हजार रुपये गेले. २०२१-२२ मध्ये सळईचे दर झपाट्याने चढले, तेव्हा ठरलेल्या दरात काम घेतलेले कित्येक कंत्राटदार अडकले. मग काम रेंगाळलं किंवा माल पातळ झाला. म्हणून "काहीही झालं तरी दर बदलणार नाही" हे कलम ऐकायला गोड असलं, तरी ठरावीक मर्यादेपलीकडची वाढ दोघांत वाटून घेण्याचं कलम मालकाच्याही फायद्याचं ठरतं. तोट्यात गेलेला कंत्राटदार तोटा कुठून भरून काढणार, हे उघड आहे.

‘रेरा आहे ना?’ नाही

मालकाचा सर्वात मोठा गैरसमज हाच असतो. बिल्डरकडून फ्लॅट घेतला तर रेरा कायद्याने पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. त्यामुळे घर म्हटलं की पाच वर्षांची हमी असतेच, असं डोक्यात बसलेलं असतं. पण रेरा हा घरं बांधून विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधलेलं घर कोणी कोणाला विकत नसतं. त्यामुळे महारेराकडे तक्रार करायला जागाच नसते आणि पाच वर्षांची हमीही आपोआप मिळत नाही.

ती हमी करारात लिहून मात्र घेता येते. स्ट्रक्चरला पाच वर्षं, गळतीला अमुक वर्षं, प्लंबिंग आणि वायरिंगला तमुक. म्हणजे टर्नकीच्या मालकाला कायद्याने काही मिळत नाही, जे मिळतं ते करारातून. आणि करार काय असतो? बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या लेटरहेडवरचं दोन पानी कोटेशन.

कायद्यात एक दार उघडं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्टपणे धरलेली आहे. त्याबद्दल शेवटी.

पैसे कधी द्यायचे, यावर काम अडतं किंवा पळतं

वर्षभर पुण्यात बसलेल्या मालकाच्या हातात खरं नियंत्रण एकच असतं : पुढचा हप्ता. तेच अनेकजण पहिल्या दिवशी सोडून देतात.

आपलं २५ लाखांचं घर घेऊ. कंत्राटदाराने दिलेलं वेळापत्रक असं : बुकिंगला १० टक्के, जोतं झालं की २५, स्लॅब पडला की ३५, विटकाम झालं की १५, प्लास्टरला १० आणि चावी देताना ५. नीट पाहिलं तर स्लॅबपर्यंत ७० टक्के, म्हणजे साडेसतरा लाख दिलेले असतात. घराच्या खर्चाचा निम्म्याच्या आसपासचा भाग मात्र स्लॅबनंतरचा असतो : भिंती, प्लास्टर, फरशी, खिडक्या, दारं, प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, रंग. समजा ४५ टक्के काम बाकी आहे. म्हणजे सव्वाअकरा लाखांचं काम राहिलं आणि मालकाकडे द्यायला उरलेत साडेसात लाख. कंत्राटदाराच्या हिशेबाने आता या साइटवर काम करणं म्हणजे पावणेचार लाखांचा तोटा. नवीन साइट घेऊन तिथला बुकिंगचा हप्ता उचलणं त्याला सोपं पडतं. गावोगावी स्लॅब पडून उघड्या सळयांवर गंज चढलेली जी घरं दिसतात, त्यातल्या काहींमागे एवढंच गणित असतं. प्रत्येक वेळी माणूस लबाडच असतो असं नाही. हप्त्यांची मांडणीच त्याला तिकडे ढकलते.

म्हणून दिलेले पैसे नेहमी झालेल्या कामाच्या थोडे मागे असावे लागतात. सुरुवातीचा ॲडव्हान्स ५ ते १० टक्क्यांच्या आत, आणि तोही पुढच्या बिलांतून वळता करून घ्यायचा. मधले टप्पे मोठमोठे न ठेवता दहा-बारा लहान टप्पे करायचे. आणि शेवटचे ५ टक्के चावी देताना न देता एक पावसाळा उलटल्यावर द्यायचे. सरकारी कामांत ठेकेदाराची अनामत रक्कम अशीच मागे ठेवतात. घराच्या कामात मात्र हे मागायला मालकाला संकोच वाटतो.

गृहकर्ज असेल तर बँकही टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि त्यासाठी तिचा माणूस साइटवर येऊन जातो. "बँकेचा इंजिनिअर बघून गेला, सगळं बरोबर आहे म्हणाला" हे वाक्य मग मालकाला ऐकवलं जातं. तो माणूस काम किती झालं आणि त्याची किंमत किती, एवढंच बघायला आलेला असतो. सळई किती अंतरावर बांधली, हे तपासणं त्याचं काम नाही.

स्लॅबच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ

वर्षभरात मालकाला एकच सुट्टी मिळणार असेल, तर ती वास्तुशांतीऐवजी इथे वापरावी. शक्य नसेल तर स्वतःच्या पैशाने नेमलेला इंजिनिअर तिथे पाठवावा, पण स्लॅबच्या दिवशी नव्हे. आदल्या दिवशी संध्याकाळी. स्लॅबच्या दिवशी सकाळी मिक्सर, लिफ्ट, पंधरा-वीस माणसं आणि मालाचे ढीग सगळं हजर असतं. तेव्हा चूक सापडली तरी "आता एवढ्यासाठी काम थांबवायचं का?" या प्रश्नापुढे सगळेच गप्प बसतात. आदल्या संध्याकाळी तीच चूक दोन तासांत दुरुस्त होते.

बघायचं काय? हातात स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग आणि एक टेप. ड्रॉइंगमध्ये लिहिलेल्या जाडीची सळई आहे का आणि दोन सळयांमधलं अंतर तेवढंच आहे का. जाळी सेंटरिंगच्या फळ्यांवर टेकलेली नाही ना, खाली कव्हर ब्लॉक आहेत ना. हे कव्हर म्हणजे सळईच्या बाहेर असलेला काँक्रीटचा थर. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या हवामानात स्लॅबला तो २० मिलिमीटर लागतो, कॉलमला किमान ४०, पायाच्या फुटिंगला ५०. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला जातो, तो पाय पडताच निसटतो आणि सळई फळीला टेकते. मग तीच सळई लवकर गंजते, फुगते आणि प्लास्टर पाडते. कोकणात समुद्राजवळ हा प्रश्न दुप्पट गंभीर आहे. खाऱ्या हवेसाठी मानकात जास्त कव्हर आणि वरच्या दर्जाचं काँक्रीट सांगितलेलं आहे : किनाऱ्यावरच्या उघड्या हवेत एम ३०. सांगली-सोलापूरकडे चालणारं एम २० तिथे जसंच्या तसं वापरणं म्हणजे घराचं आयुष्य कमी करणं.

कॉलम आणि बीम जिथे भेटतात, तिथे रिंगा जवळजवळ आल्या आहेत का आणि त्यांची टोकं आत नीट वाकवली आहेत का, हेही पाहायचं. भूकंपात घर या सांध्यांवर तगतं, आणि कोयनेच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक ठिकाणी टेप लावून फोटो काढायचे, ज्यात अंतराचा आकडा दिसेल. ‘काम ओके’ म्हणून आलेला लांबून काढलेला फोटो काहीच सिद्ध करत नाही.

मग प्रत्यक्ष काँक्रीट. हाताने आणि मिक्सरवर होणाऱ्या कामात सर्वात मोठा धोका चोरीचा नसून पाण्याचा असतो. एका पोत्याला साधारण २५ ते ३० लिटर पाणी पुरतं. त्यात माल घट्ट वाटतो, पसरायला जड जातो. दुपार झाली, माणसं थकली की बादलीने आणखी पाणी पडतं. माल छान पसरतो, वरून गुळगुळीत दिसतो आणि ताकद मात्र उतरते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, म्हणूनच ते सगळ्या साइटवर होतं. हे पकडण्याचा मार्ग म्हणजे क्यूब टेस्ट. १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्यात तोच माल भरायचा, २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि मशिनवर दाबून बघायचा. साडेबाराशे फुटांचा स्लॅब पाच इंच जाडीचा धरला तर नुसता तोच साडेचौदा घनमीटर होतो, बीम धरून त्याहून जास्त. १६ ते ३० घनमीटर कामासाठी मानकात तीन नमुने आणि प्रत्येकाचे तीन क्यूब सांगितले आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि खासगी प्रयोगशाळांत ही चाचणी होते आणि एकूण खर्चाच्या मानाने तिची फी नगण्य असते. तरी घराच्या कामात ती क्वचितच होते.

आणि आता ती "पाणी मालकाकडे" ही ओळ. स्लॅब पडला की सेंटरिंगवाले, सळईवाले, काँक्रीटची टोळी सगळे दुसऱ्या साइटवर जातात. नेमका त्याच दिवसांत स्लॅबला पाणी लागतं. बाजारात सर्वाधिक मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला आयएस ४५६ प्रमाणे किमान १० दिवस, साध्या ओपीसीला किमान ७ दिवस ओलावा टिकवायला हवा. स्लॅबवर मातीची किंवा मसाल्याची आळी करून पाणी साठवायचं, कॉलमला ओली गोणपाटं गुंडाळायची. पण साइटवर कोणीच नाही, पाण्याची जबाबदारी कागदोपत्री मालकाची, आणि मालक मस्कतला. मे महिन्यातल्या उन्हात दोन दिवस कोरडा पडलेला स्लॅब नंतर कितीही भिजवला तरी गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. यासाठी मोठा खर्च नसतो. शेजारच्या घरातल्या माणसाला रोजचे ठरावीक पैसे आणि सकाळ-संध्याकाळ एक फोटो, एवढ्यावर हे काम होतं. फक्त ते आधी ठरवलेलं लागतं.

सेंटरिंग काढायचीही घाई असते, कारण फळ्या आणि टेकू भाड्याचे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस हलवायचे नसतात. हे आकडे साध्या ओपीसीचे आहेत, पीपीसीला त्याहून जास्त थांबावं लागतं.

स्लॅबइतका नाही, पण आणखी तीन वेळा असाच ‘झाकण्याआधी बघा’ प्रसंग येतो. पाया भरण्याआधी, वाळवीचं औषध मारलं का हे बघायला. भिंतीतले पाइप प्लास्टरखाली जाण्याआधी, पाइपात दाबाने पाणी भरून एक रात्र ठेवायला. बाथरूमची फरशी बसण्याआधी, वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का हे बघायला. पाइप कुठून गेलेत याचा फोटो असेल तर दहा वर्षांनी भिंतीला ड्रिल मारतानाही तो उपयोगी पडतो.

मग बघणार कोण? मामा?

गावाकडचं पहिलं उत्तर हेच असतं. मामा, काका, चुलतभाऊ, "आपलाच माणूस आहे, रोज चक्कर मारतो." ही चक्कर उपयोगाची असते : काम चालू आहे का, सिमेंटची पोती झाकली आहेत का, पाणी मारलं का. पण सळईचं अंतर मामा सांगू शकत नाहीत, आणि चूक दिसली तरी बोलायची त्यांची अडचण असते. कंत्राटदार त्याच गावचा किंवा शेजारच्या. उद्या लग्नात, यात्रेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भेटणार. पुण्याच्या भाच्यासाठी गावात वाईटपणा कोण घेणार? आणि घेतला तर पुढची दहा वर्षं "मामांनी लक्ष दिलं नाही" हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. घर बांधताना तुटलेली नाती घर पूर्ण झाल्यावर जुळत नाहीत, याचे नमुने प्रत्येक गावात आहेत.

दुसरं उत्तर, "कंत्राटदाराचा इंजिनिअर आहे की." तो कंत्राटदाराचा पगारी माणूस. टर्नकीची खरी फट हीच आहे : नकाशा काढणारा, बांधणारा आणि तपासणारा एकाच खिशातून पैसे घेतो. म्हणून स्ट्रक्चरल डिझाइन आणि तपासणी ही दोन कामं टर्नकीतून बाहेर काढून मालकाने वेगळी द्यावीत. तालुक्याच्या गावात स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअर असतात. पूर्ण वेळ नको, ठरलेल्या आठ-दहा भेटी आणि प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल. करारात एक ओळ : या इंजिनिअरच्या सहीशिवाय पुढचा हप्ता नाही. या एका ओळीने व्हिडिओ कॉलचं महत्त्व निम्म्याने कमी होतं.

कागदावर मालकच उभा असतो

परवानगीचा अर्ज मालकाच्या नावाने असतो. बांधकाम वाढीव निघालं, सामासिक अंतर सुटलं नाही, तर एमआरटीपी कायद्याची नोटीसही मालकाच्याच नावाने येते, कंत्राटदाराच्या नाही. म्हणून "परवानगीचं आम्ही बघतो" यावर थांबून चालत नाही. मंजूर नकाशाची शिक्क्याची प्रत स्वतःकडे हवी. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतांश भागांत एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि लहान प्लॉटवरच्या घरांची प्रक्रिया त्यात सोपी केली आहे. सोपी झाली म्हणजे सोडून द्यायची असं नाही.

पायखुदाईच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करणं हे असं एक काम आहे, जिथे मालकाने स्वतः उभं राहावं. शेजाऱ्यांना नोटीस जाते, सगळे हजर असतात, वाद असेल तर तिथेच कळतो. बांधावर दोन फूट सरकलेला पाया नंतर सरकवता येत नाही.

सह्यांसाठी कोणाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते मर्यादित कामांचं द्यावं : परवानगी, वीजजोडणी, पाणीजोडणी, घरपट्टी. ‘सर्व अधिकार’ असं सरसकट लिहिलेल्या कागदात जमीन विकण्याचा अधिकारही जाऊ शकतो. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात किंवा नोटरीसमोर करून, ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. कामाच्या करारालाही रकमेनुसार मुद्रांक शुल्क लागतं, नुसता स्टॅम्प पेपर पुढे करून भागत नाही.

चावी मिळाल्यावर

बहुतेक करारांत काम ‘पूर्ण’ म्हणजे रंग झाला. मालकाच्या दृष्टीने पूर्ण म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, महावितरणचा कायमचा मीटर, नळजोडणी, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद. यातलं कोणी काय करायचं, हे लिहिलेलं नसेल तर वर्षभर घर तात्पुरत्या मीटरवर चालतं. चावीबरोबर मागायच्या गोष्टी : शेवटचे नकाशे, पाइप आणि वायरिंगचे फोटो, मोटार आणि गिझरची वॉरंटी कार्डं, क्यूबचे अहवाल, सगळ्या बिलांच्या प्रती.

मग पहिला पावसाळा. गच्चीचे कोपरे, पॅरापेटचा सांधा, खिडक्यांचे छज्जे, बाथरूमची बाहेरची भिंत, ओल येते ती बहुधा याच ठिकाणी. आली, तर फोनवर न बोलता तारीख घालून लेखी कळवायचं, ईमेल किंवा व्हॉट्सॲप तरी, फोटोसकट. मागे ठेवलेले ५ टक्के हातात असतील तर माणूस सहसा येतो.

नाही आला, तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, ५० लाख ते २ कोटींपर्यंत राज्य आयोगात. ५ लाखांपर्यंत रक्कम असेल तर तक्रारीला फी नाही. ऑनलाइन दाखल करता येते, वकील बंधनकारक नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि ती "करतो, करतो" ऐकण्यात सहज निघून जाते. आयोगापुढे दोष दाखवायला आयटमवार यादी, बँकेतून दिलेले हप्ते, इंजिनिअरचे अहवाल आणि टेप लावून काढलेले ते फोटो लागतात. रोखीने दिलेले आणि तोंडी ठरलेले पैसे तिथे सिद्ध करणं फार अवघड जातं.